जुने मणी, नवा दोरा

जुन्या मण्यांच्या नव्या माळा गुंफण्याची आवड अलीकडे बंगळूरच्या सुशिक्षित स्त्रियांत बरीच दिसून येते. हस्तकलांच्या प्रदर्शनांत अशा माळा आवर्जून मांडलेल्या असतात, आणि त्यांची स्तुती बहुधा ‘किती जुने!’ एवढ्यावरच आटोपते. ही स्तुती मण्यांची झाली, माळेची नव्हे. मणी आयता हाती आलेला असतो; करणाऱ्याचे कर्तृत्व निवडीत, क्रमात आणि दोऱ्यात. परीक्षण व्हावयाचे ते त्याचे, असे आमचे मत आहे.

साहित्य दुर्मिळ आहे असे नाही. बदलीच्या नोकरीत ज्यांची बिऱ्हाडे चार गावे फिरली आहेत, त्यांच्या घरी तुटलेल्या सरांची एखादी डबी असतेच. तीत तन्मणीचे बारीक मोती, पोवळी, खंबायतचे अकीक, बोहेमियातील याब्लोनेत्सहून एके काळी आपल्याकडे येणारे काचमणी आणि काळी पोत यांची सरमिसळ असते. या काळ्या मण्यांना येथे ‘करिमणी’ म्हणतात. सौभाग्यालंकार म्हणून त्यांचा मान कानडी घरांतही आपल्यासारखाच आहे. तेव्हा आपली डबी येथे अगदीच परकी ठरत नाही.

आता परीक्षणाची कसोटी कोणती? बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे मांडली. (मर्ढेकरही आकाशवाणीच्या नोकरीत गावोगाव फिरलेले, आमच्या वाचकांस ही गोष्ट जवळची वाटेल.) माळेस ही तत्त्वे फार चांगली लागू पडतात. पोवळ्याचा तांबडा आणि करिमणीचा काळा यांत विरोध आहे. दोन जड अकीकांमध्ये बारीक पोतीचा पदर सोडला की समतोल साधतो. प्रदर्शनांतील पुष्कळ माळा येथेच फसतात. ठळक मणी सारे समोर गर्दी करतात, मागे नुसता दोरा राहतो, आणि गळ्याला एकाच बाजूने ओढ बसते.

परंतु हीच लय नव्याकोऱ्या प्लॅस्टिकच्या मण्यांतही साधता येईल. मग जुन्याचे प्रयोजन काय? येथे मर्ढेकरांची कसोटी आम्हांस अपुरी वाटते. जुना मणी हा केवळ रंग आणि आकार नव्हे. वर्षानुवर्षे शेजारच्या मण्याशी घासून त्याच्या कडा बसक्या झालेल्या असतात, दोऱ्याने त्याचे वेज एका अंगाने झिजलेले असते. ही झीज ज्या माळेच्या रचनेत विचारात घेतली गेली, तिच्यातच जुनेपणाला कलेत काही स्थान मिळाले असे म्हणता येईल.

बसरा मोत्याचेच पाहा. इराणी आखातातला हा मोती मुंबईच्या बाजारात वजनावर विकला जाई, आणि त्याची किंमत वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात चढे. म्हणून वेज शक्य तितके बारीक पाडीत. अशा मोत्यातून पोलादी तार जावी म्हणून वेज रुंदावणारा कारागीर मोत्याचे वजनही घालवितो आणि त्याची ओळखही. उलट जुना पटवेकरी बारीक रेशीम घेतो आणि दर मोत्यामागे गाठ मारतो. त्यामुळे मोती एकमेकांस घासत नाहीत, आणि सर तुटलाच तर एखादा मोती जातो, सगळे विखुरत नाहीत. अशी माळ गळ्यावर मऊ पडते. तारेतली ताठ उभी राहते. आमच्या दृष्टीने हा फरक शोभेपुरता नाही.

जुना दोरा बदलण्यात काही अपचार घडतो, असे मानणाऱ्यांशी मात्र आम्ही सहमत नाही. उत्खननात मणी सापडतात. दोरा बहुधा केव्हाच कुजलेला असतो. संग्रहालयात आपण कौतुकाने पाहतो ती प्राचीन माळ बहुतेक वेळा आपल्याच काळातील कोणी ओवलेली असते. नव्याने ओवले जाणे हे मण्याच्या नशिबीच आहे.

धडधाकट दागिना केवळ मण्यांसाठी तोडणे ही गोष्ट निराळी. डॉ. मो. गं. दीक्षित यांनी डेक्कन कॉलेजतर्फे १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात अकीकादी मण्यांवरील पांढऱ्या नक्षीचे प्रकार आणि ते मणी सापडल्याची ठिकाणे यांची सांगड घातली. मणी कोठे सापडला हे ठाऊक नसते, तर हा अभ्यास उभाच राहिला नसता. घरातील अखंड दागिन्यासही हेच लागू आहे. कोणता मणी कोणाशेजारी होता, याची नोंद तेवढ्या दोऱ्यातच असते. डबीतल्या सुट्या मण्यांची ती नोंद आधीच पुसलेली असते. त्यांच्याशी खुशाल खेळावे. परंतु लंबाणी स्त्रियांचे जुने, अजून टिकलेले कपडे कापून त्यांवरील मणी आणि कवड्या ‘जुन्या मण्यांची माळ’ म्हणून विकल्या जातात, तेव्हा तिच्यात संवाद, विरोध, समतोल सारे साधले असले तरी आम्ही ती माळ बाजूस ठेवू. कित्येकदा त्या मण्यांच्या वेजात कापलेल्या दोऱ्याचे टोक तसेच राहिलेले असते.