अस्थाई-अंतऱ्याचे आजचे वारसदार

२०२३च्या ऑक्टोबरअखेर युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरीचा दर्जा दिला. पुढच्या वर्षी डिसेंबरात तिथल्या तानसेन समारोहाने शंभरी गाठली. १९१८ सालचे माधव संगीत महाविद्यालय या शहरात आहे, राजा मानसिंह तोमर यांच्या नावाचे संगीत आणि कला विद्यापीठ आहे, अमजद अली खाँ यांच्या वडिलोपार्जित घरात 'सरोद घर' हे संग्रहालय आहे. बाहेरून पाहणाऱ्याला सारे आबादीआबाद वाटावे अशी ही यादी आहे. पण गाण्याची प्रकृती वास्तूंवरून आणि समारोहांवरून कळत नाही. ज्या गायकीमुळे या शहराचे नाव घराण्याला लागले, ती गायकी आज कोणाच्या गळ्यात आहे, हा विचारायचा प्रश्न आहे. माझ्या मते ती आज जिवंत आहे. मात्र दरबार, रेडिओ, रेकॉर्ड कंपनी यांपैकी कोणाचाही भक्कम आधार नसलेल्या, आपापल्या हिमतीवर गाणाऱ्या कलावंतांनी ती जिवंत ठेवली आहे. आणि तिचे काही अवयव आपल्या डोळ्यांदेखत गळून चालले आहेत.

मराठी रसिकाला हा प्रश्न परका नाही. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांनी शिंद्यांच्या दरबारात ख्याल घडवला, आणि तो दूरवर पोहोचवला तो प्रामुख्याने मराठी माणसांनी. या खाँबंधूंच्या तालमीतले वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले आणि ती विद्या घेऊन दक्षिणेत उतरले. मिरजेला त्यांच्यापाशी विष्णू दिगंबर पलुसकर तयार झाले. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. अनंत मनोहर जोशी, मिराशीबुवा हेही बाळकृष्णबुवांचेच शिष्य. हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ यांना सांभाळले ते सर्कसवाल्या विष्णुपंत छत्र्यांनी. इकडे खुद्द ग्वाल्हेरात याच खाँ घराण्यातले निसार हुसेन खाँ एका मराठी ब्राह्मण कुटुंबात, पंडितांच्या घरात राहून शिकवत होते. त्या घरातून शंकर पंडित आणि एकनाथ पंडित निघाले, आणि शंकर पंडितांचे पुत्र कृष्णराव. कृष्णरावांनी १९१४ साली वडिलांच्या नावाने शंकर गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि १९८९ साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी देह ठेवला. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गल्ल्यांत मराठी बोलणाऱ्या घरांनी ही तालीम पिढ्यान्‌पिढ्या राखली.

ही गायकी ओळखायची कशी? तिचा पाया बंदिश. ग्वाल्हेरचा गवई आधी अस्थाई आणि अंतरा हे बंदिशीचे दोन्ही भाग पूर्ण मांडतो. रागाचा नकाशा श्रोत्याला तिथेच मिळतो. विलंबित म्हणून तो जे गातो, ते आजच्या कानाला जवळजवळ मध्यलयीचे वाटते. ताल तिलवाडा, झुमरा किंवा आडा चौताल. लय हाताशी असल्यामुळे शब्द सुटत नाहीत, आवर्तन लक्षात राहते आणि सम जवळची वाटते. मग बेहेलावा (आकारात मींड घेत केलेला स्वरविस्तार), बोलआलाप, बोलतान, गमक आणि शेवटी तीन सप्तकांत सरळ धावणारी सपाट तान. आवाज मोकळा, आकार खुला. राग बहुधा सर्वांच्या परिचयाचे: यमन, भूप, अल्हैया बिलावल, हमीर, केदार, छायानट, गौड मल्हार. सोबतीला टप्पा, तराणा, चतरंग, त्रिवट, अष्टपदी हे गानप्रकार. अर्ध्या तासात राग पुरा करून पुढच्या रागाकडे वळणारे हे गाणे आहे. आटोपशीरपणा हा त्याचा मोठा गुण.

या गुणाचा पुरावा ध्वनिमुद्रणांत आहे. विष्णू दिगंबरांचे पुत्र द. वि. पलुसकर यांना उणीपुरी चौतीस वर्षे मिळाली. १९५५ साली ते गेले, पण त्यांच्या तीन मिनिटांच्या तबकड्यांत राग अपुरा वाटत नाही. १९५२च्या 'बैजू बावरा'त ते आणि अमीर खाँ एकत्र गायले. पुढच्या पिढ्या अमीर खाँसाहेबांच्या अतिसंथ लयीकडे झुकल्या. अतिविलंबित हाच गंभीर ख्याल, अशी समजूत रुजली आणि ग्वाल्हेरचे गाणे 'जुने', 'साधे', 'पाठशाळेचे' ठरवले गेले. ही समजूत मला अन्यायकारक वाटते. संथ लयीत स्वराचा विस्तार होतो, तसा मध्यलयीत शब्द, स्वर आणि ताल यांचा एकमेकांशी झगडा आणि मेळ होतो. दुसरे काम पहिल्यापेक्षा सोपे नाही.

त्या समजुतीला न जुमानता गाणारे आज कोण आहेत? सुरुवात ग्वाल्हेरच्याच घरातून करू. कृष्णरावांची नात मीता पंडित यांना आजोबांची आणि वडील लक्ष्मण कृष्णराव पंडित यांची तालीम मिळाली. या कुटुंबात पिढीमागून पिढी पुरुषांनीच गादी चालवली होती. ती परंपरा मीताताईंनी मोडली आणि घराण्याचे गाणे मात्र अबाधित ठेवले. लयकारीची ओढ, बंदिशीचा ठसठशीत उच्चार, टप्प्याची आणि तराण्याची जाण त्यांच्या गाण्यात ठळक आहे. स्त्रीच्या आवाजाच्या पट्टीत ही गायकी बसवताना मूळचा दमदारपणा हरवत नाही, हे त्यांनी दाखवले.

दुसरी शाखा पूंछवाल्यांची. राजाभैया पूंछवाले हे शंकर पंडितांचे शिष्य आणि माधव संगीत महाविद्यालयाचा कणा. त्यांचे पुत्र बाळासाहेब यांच्याकडे शाश्वती मंडल शिकल्या. टप्पा म्हणजे पंजाबी बोलांचा, शोरी मियाँच्या नावाशी जोडलेला प्रकार. त्यात प्रत्येक अक्षरावर वाकडीतिकडी, चपळ तान असते आणि स्वरावर विसावायला जागाच नसते. मालिनी राजूरकरांनी हा प्रकार मराठी मैफलींत लाडका केला. २०२३ साली त्या गेल्यावर टप्प्याचे काय होणार, अशी हळहळ अनेकांनी व्यक्त केली. शाश्वती मंडल यांचा टप्पा ऐकला की ती भीती बरीच कमी होते. त्यांच्या गळ्यात तो कसरत वाटत नाही. तान संपते तेव्हा रागही समोर उभा असतो.

महाराष्ट्रात अनंत मनोहर जोशींची ओळ पुढे आली ती गजाननराव जोशींमुळे. गायन आणि व्हायोलिन या दोन्हींत अधिकारी असलेल्या गजाननरावांनी ग्वाल्हेरच्या पायावर जयपूर आणि आग्र्याची तालीम घेतली. त्यांच्या नाती अपूर्वा गोखले आणि पल्लवी जोशी एकत्र गातात, तेव्हा घरच्या तालमीचा एकजिनसीपणा जाणवतो. त्यांच्या सहगायनात चढाओढ नसते, बढत वाटून घेतलेली असते. गजाननरावांचे शिष्य उल्हास कशाळकर हे तर आजच्या ग्वाल्हेर गाण्याचे सर्वांत मोठे नाव. कोलकात्याच्या संगीत रिसर्च अकादमीत त्यांनी ओंकार दादरकरांसारखे शिष्य घडवले. सांगलीच्या मंजूषा कुलकर्णी-पाटील इचलकरंजीच्या काणेबुवांकडे आणि नंतर कशाळकरांकडे शिकल्या. बाळकृष्णबुवांच्या गावाचे ऋण अशा वाटेनेही फिटते.

मुंबईत आणखी एक धारा आहे, सर्वांत शांत आणि माझ्या मते सर्वांत कमी ऐकली गेलेली. शरच्चंद्र आरोलकर ग्वाल्हेरला कृष्णराव आणि एकनाथ पंडितांकडे शिकले आणि पुढे मुंबईत प्रसिद्धीपासून दूर राहून गात आणि शिकवत राहिले. त्यांच्या गाण्यात आक्रमकता नव्हती. स्वरवाक्याला वळण देण्याची एक खास, अंतर्मुख रीत होती. शरद साठे आणि नीला भागवत हे त्यांचे शिष्य. नीलाताईंनी कबीर गायला, स्त्रीच्या नजरेतून नव्या बंदिशी बांधल्या. सासू-नणंदेच्या तक्रारींत अडकलेल्या जुन्या चिजांना दिलेले हे उत्तर त्यांनी ग्वाल्हेरच्याच व्याकरणात दिले. परंपरा चालवणे म्हणजे नक्कल करणे नव्हे, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. पूर्वी गवयामागे राजा होता; मग महाविद्यालय आले, आकाशवाणी आली, तबकडी काढणारी कंपनी आली. आता गायकाला आपली मैफल, आपले ध्वनिमुद्रण, आपली शिष्यशाखा स्वतःच उभी करावी लागते. त्याचा एक फायदा झाला. काय गायचे हे सांगणारा मालक उरला नाही. शिवाय रहिमत खाँपासून आरोलकरांपर्यंतचे जुने ध्वनिमुद्रण आज मोबाइलवर मिळते. त्यामुळे गुरूच्या तालमीबरोबर दोन-तीन पिढ्यांमागचा आवाजही विद्यार्थ्याच्या कानावर पडतो. ही सोय बाळकृष्णबुवांना नव्हती. त्यांना विद्येसाठी वणवण करावी लागली.

तरीही समीक्षकाने उणिवा सांगितल्याच पाहिजेत. पहिली उणीव लयीची. ग्वाल्हेरचे म्हणवणारे अनेक तरुण गायक आज बडा ख्याल संथ एकतालात गातात. तिलवाडा आणि आडा चौताल मैफलीत क्वचित ऐकू येतात. लय बदलली की बेहेलावा बदलतो, बोलतानेची जागा जाते. मग घराणे नावापुरते उरते. दुसरी उणीव अंतऱ्याची. कित्येक मैफलींत बड्या ख्यालाचा अंतरा एकदा उरकला जातो किंवा गाळलाच जातो. ज्या घराण्याची ओळख पूर्ण बंदिश ही आहे, तिथे हे चालवून घेऊ नये. तिसरी उणीव प्रकारांची. टप्पा टिकला, तराणा टिकला. चतरंग, त्रिवट, अष्टपदी आता बहुतेक व्याख्यान-प्रात्यक्षिकांपुरत्या राहिल्या. चौथी गोष्ट जरा नाजूक आहे. तीन घराण्यांचा मेळ गजाननरावांना आणि कशाळकरांना साधला, कारण प्रत्येक तालीम त्यांनी वेगवेगळी पचवली होती. आज ध्वनिमुद्रणे ऐकून इकडची तान आणि तिकडचा आलाप जोडणे सोपे झाले आहे. त्यातून गाणे तयार होते, गायकी होत नाही.

याला गायक एकटा जबाबदार नाही. आपण संयोजकांनी आणि श्रोत्यांनी दीड तासाच्या मैफलीत पाऊण तासाचा एक बडा ख्याल, एक छोटा ख्याल आणि शेवटी अभंग, असा साचा पक्का केला आहे. त्यात ग्वाल्हेरचे गाणे बसत नाही. द्रुत तानेला टाळ्या मिळतात. अंतऱ्याच्या पहिल्या ओळीवर घेतलेल्या सुंदर बेहेलाव्याला मिळत नाहीत. लहान ध्वनिफितींच्या या काळात तर तानेचाच तुकडा फिरतो. गंमत अशी की थोडक्या वेळात पूर्ण राग देण्याची सर्वांत जास्त ताकद याच घराण्यात आहे. आजच्या घाईच्या श्रोत्यापर्यंत ख्याल न्यायचा तर ग्वाल्हेरइतकी योग्य वाट दुसरी नाही.

म्हणून वाचकांना माझे सांगणे सरळ आहे. आधी द. वि. पलुसकर, कृष्णराव आणि आरोलकर ऐका आणि लगेच या लेखातल्या एखाद्या आजच्या कलावंताचा तोच राग ऐका. लय, अंतरा आणि शब्द, या तीनच गोष्टींकडे लक्ष ठेवा. वारसा कुठे टिकला आणि कुठे सुटला ते तुम्हालाच कळेल. तुमच्या गावातल्या संगीत मंडळात शब्द असेल, तर एक संध्याकाळ अशी ठेवा की गायकाने दोनाऐवजी चार राग गावेत, तिलवाड्यात ख्याल मांडावा, टप्पा मध्यावर गावा आणि एखादा चतरंगही ऐकवावा. तिकीट काढून जा आणि पुढच्या वेळी पुन्हा बोलवा. दर्जा युनेस्कोने दिला आहे. मैफल आपणच द्यायची आहे.