‘लेट अस सी’नंतर मराठीत काय?

(टिटवाळा येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय आहे प्रोग्रॅमिंग भाषेची तोंडओळख करून देणारं पुस्तक. ते कसं लिहिलं जातं, कसं छापलं जातं आणि मुख्य म्हणजे कसं खपतं. आपल्याकडे कादंबरीची समीक्षा होते, कवितेची होते, पाककृतींच्या पुस्तकावरसुद्धा कौतुकाचे दोन शब्द येतात. या पुस्तकांकडे मात्र समीक्षक फिरकत नाहीत. वास्तविक रोज सकाळी टिटवाळ्याहून कल्याणच्या दिशेने जी मुलं गाडीला लटकतात, त्यांच्या सॅकमध्ये कादंबरी क्वचित सापडेल, हे पुस्तक सापडेल. आणि त्याच्या पहिल्या पन्नास पानांत त्यांचं मनाशी ठरून जातं, की हे आपल्याला जमणार की नाही. मराठी शाळेतून आलेल्या मुलाचं तर फारच लवकर ठरतं. म्हणून आम्ही या पुस्तकांना साहित्याइतकंच गंभीरपणे घ्यायला तयार आहोत.

सुरुवात नागपूरपासून करू. यशवंत कानेटकर हे नाव इथल्या निम्म्या लोकांना तरी ठाऊक असेल. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून पदवी, आयआयटी कानपूरमधून एम.टेक., आणि मग नागपुरात शिकवणी. त्यांचं ‘लेट अस सी’ बीपीबी या दिल्लीच्या प्रकाशनसंस्थेने काढलं. नव्वदच्या दशकापासून आजपर्यंत त्याच्या पंधराहून अधिक आवृत्त्या झाल्या. म्हणजे एका मराठी माणसाने लिहिलेलं, देशभर गेलेलं हे प्रोग्रॅमिंगचं पुस्तक आहे. फक्त ते मराठीत नाही.

ते का चाललं? ‘सोपं आहे म्हणून’ हे उत्तर आम्हाला पुरेसं वाटत नाही. सोपी पुस्तकं पुष्कळ असतात. कानेटकरांची खरी करामत उदाहरणांत आहे. कर्निगन आणि रिची यांचं १९७८ चं मूळ पुस्तक घ्या. तिथे ‘हॅलो वर्ल्ड’ झालं की लगेच फॅरनहाइटचं सेल्सियस करायचं कोष्टक येतं, मग अक्षरं मोजा, ओळी मोजा, शब्द मोजा. ते बेल लॅब्जमधल्या माणसांचं जग होतं. कानेटकरांचा पहिला प्रोग्रॅम सरळव्याज काढतो. मग कुणाचा तरी मूळ पगार येतो, त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता. नोकरीला तीन वर्षांहून जास्त झाली असतील तर बोनस. पाच विषयांचे गुण आणि त्यांची टक्केवारी. हे सगळं कुणाच्या घरातलं आहे? बाबांच्या पगाराची चिठ्ठी, आईचं पोस्टातलं खातं, शाळेचं प्रगतिपुस्तक. भाषा इंग्रजी, पण हिशेब आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा.

आणि ते इंग्रजीही बघा. छोटी वाक्यं, वर्गात बोलल्यासारखी. मराठीत विचार करणाऱ्या शिक्षकाला ते पान समोर ठेवून मराठीत बोलता येतं. आपल्या कॉलेजांत नेमकं हेच झालं. सर मराठीत समजावतात, फळ्यावर इंग्रजी, वहीत इंग्रजी. अनुवाद रोज होत होता, फक्त तोंडी. त्यामुळे मराठी पुस्तकाची उणीव कुणाला टोचलीच नाही. आमच्या मते या पुस्तकाचा हा सर्वांत मोठा आणि सर्वांत न दिसणारा परिणाम आहे.

आता दोष. कानेटकर सुरुवातीला एक तुलना देतात. इंग्रजी शिकताना आधी अक्षरं, मग शब्द, मग वाक्यं, मग परिच्छेद. सी शिकतानाही तसंच, आधी चिन्हं, मग स्थिरांक-चल-राखीव शब्द, मग सूचना, मग प्रोग्रॅम. ऐकायला छान वाटतं. पण तुम्ही मराठी अशी शिकलात का? आपण आधी बोललो, चुकलो, हसू करून घेतलं, आणि बाराखडी नंतर गिरवली. कर्निगन-रिची मुलाला आधी बोलायला लावतात. कानेटकर आधी नियम सांगतात आणि पहिला प्रोग्रॅम येईपर्यंत बरीच पानं उलटून जातात. परीक्षेला ते सोयीचं पडतं, कारण ‘राखीव शब्द किती?’ हा दोन गुणांचा प्रश्न त्यातून आयता निघतो.

दुसरा दोष यंत्राचा. पुस्तक टर्बो सी या बोर्लंडच्या कंपायलरच्या खांद्यावर बसून वाढलं. टर्बो सी १९८७ चा, सोळा बिटांचा. त्यात पूर्णांकाला दोन बाइट, म्हणजे ३२७६७ च्या पुढे गाडी जात नाही. दुसऱ्या कंपायलरवर हे वेगळं असतं, असं कानेटकर सांगतात, हे प्रामाणिकपणे नमूद करायला हवं. पण विद्यार्थ्याच्या डोक्यात राहतो तो प्रयोगशाळेतला निळा पडदा. संगणक बदलले, विंडोज बदललं, तरी कॉलेजं डॉसबॉक्समध्ये टर्बो सी चालवत राहिली, कारण पुस्तकातला प्रोग्रॅम जसाच्या तसा चालायला हवा. पुस्तकाने यंत्राला धरलं होतं. नंतर यंत्राला पुस्तकाने धरून ठेवलं.

तिसरा दोष आम्हाला जास्त खुपतो. एकच चल एकाच प्रिंटएफमध्ये तीनदा लिहायचा, त्यात दोनदा तो वाढवायचा, आणि विचारायचं, छापून काय येईल? पुस्तक उत्तर देतं, ३ ३ १, आणि कारण सांगतं की मूल्यं उजवीकडून डावीकडे जातात. सी भाषेच्या प्रमाणित नियमांनुसार या प्रश्नाला ठरलेलं उत्तरच नाही. कंपायलर काहीही करू शकतो. पण असे प्रश्न मुलाखतीत विचारले गेले, मग मुलाखतीसाठी पाठ केले गेले, मग शिकवणीत शिकवले गेले.

इथेच जाहिरातीचा मुद्दा येतो. हे पुस्तक खपवलं कुणी? तीन जणांनी. अभ्यासक्रमाने, प्रयोगशाळेतल्या कंपायलरने आणि नोकरीच्या मुलाखतीने. प्रकाशकाने चतुराई केली ती पुढची पुस्तकं बाजूला उभी करण्यात: उत्तरांचं वेगळं पुस्तक, ‘टेस्ट युअर सी स्किल्स’, पॉइंटरवरचं वेगळं, मग सी प्लस प्लस, जावा, पायथन. एका नावाची मालिकाच झाली. नावातला श्लेषही कामाला आला. (मराठीत ‘चला, सी करू’ म्हटलं तर ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे त्यांना भलतंच आठवेल. तेव्हा तो मार्ग आपल्याला बंद.)

आता मराठी पुस्तकाचं काय होतं ते पाहा. पुस्तक छापलं, सभागृह घेतलं, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचं भाषण, ‘मायमराठी ज्ञानभाषा झाली पाहिजे’ यावर टाळ्या. दुसऱ्या दिवशी गठ्ठे लेखकाच्या पलंगाखाली. कादंबरीला ग्रंथालयं तरी घेतात. पण हे पुस्तक वाचायचं नसतं, चालवायचं असतं. ज्याच्या समोर यंत्र नाही त्याला ते विकून उपयोग नाही, आणि यंत्र ज्याच्या ताब्यात आहे, म्हणजे कॉलेज, त्याला मराठी पुस्तकाची गरज नाही, कारण पेपर इंग्रजीत.

यात थोडी फट पडली ती २०२१ मध्ये. एआयसीटीईने अभियांत्रिकी भारतीय भाषांत शिकवायला परवानगी दिली आणि पिंपरी चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने संगणक शाखेसाठी मराठीचा पर्याय घेतला. एआयसीटीईने पाठ्यपुस्तकांचे अनुवाद करवून ते ई-कुंभ संकेतस्थळावर फुकट ठेवले. त्याआधीपासून आपल्या शेजारी पवईत, आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात, पडदा इंग्रजी आणि आवाज मराठी अशी छोटी छोटी प्रात्यक्षिकं तयार होत आली आहेत. ती नुसती प्रसिद्ध करून सोडली नाहीत. कॉलेजाकॉलेजांत कार्यशाळा घेतल्या, परीक्षा, प्रमाणपत्र. हा प्रसार आम्हाला शाल-श्रीफळापेक्षा शंभरपट पटतो.

पण अनुवादाबद्दल आमची एक मूलभूत तक्रार आहे, आणि ती परिभाषेची नाही. ‘व्हेरिएबल’ला चल म्हणा, व्हेरिएबल म्हणा, शाळेच्या बीजगणितात चल भेटलेला आहे, मूल सांभाळून घेतं. ‘लूप’ला लूपच म्हणा, वाद घालू नका. तक्रार अशी, की उदाहरण अनुवादित होत नाही.

एक प्रयोग घरी करून बघा. पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘हॅलो’ या शब्दाची लांबी मोजा, उत्तर पाच. मराठी मूल काय करेल? आपल्या गावाचं नाव टाकेल. टिटवाळा. डोळ्यांना दिसतात अक्षरं चार: टि, ट, वा, ळा. पायथनला लांबी विचारा, तो म्हणतो सात. कारण वेलांटी आणि दोन काने तो वेगळे मोजतो. आजच्या लिनक्सवर सी भाषेच्या एसटीआरलेनला विचारा, ती म्हणते एकवीस, कारण यूटीएफ-८ मध्ये या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. चार, सात आणि एकवीस. तिन्ही उत्तरं बरोबर. आता तोच शब्द पायथनमध्ये उलटा करा. सुरुवातीलाच एक काना निराधार लटकतो, ‘वा’चा काना ‘ळ’ला जाऊन चिकटतो, पहिल्या ‘ट’ची वेलांटी दुसऱ्या ‘ट’वर बसते. इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर वाचणारं मूल इथे एकटं पडतं. पुस्तकात हे नाहीच. त्याला वाटतं आपलं चुकलं, किंवा त्याहून वाईट, मराठीचंच काही चुकलं.

मुळात मराठीत विचार करून लिहिलेल्या पुस्तकात हा पहिल्या आठवड्याचा धडा असेल. आणि तो इंग्रजी पुस्तकापेक्षा सरस धडा असेल, कारण अक्षर, चिन्ह आणि बाइट यांतला फरक ‘हॅलो’तून कधी दिसतच नाही. तिथे तिन्ही उत्तरं पाच येतात! आमच्याकडे भाषेनेच अवघड भाग समोर आणून ठेवलाय. शिवाय पायथन ३ मध्ये चलांची नावं देवनागरीत देता येतात. मुद्दल, दर, मुदत लिहून शंभराने भागा, व्याज मिळतं. ‘१२’ असं देवनागरीत टाइप केलेलं उत्तर इंट या फंक्शनला दिलं तर तो त्याचे बारा करून देतो. हे कायम वापरावं असं आम्ही म्हणत नाही. चौघांत काम करायचं तर नावं इंग्रजीच लागतील. पण पहिले पंधरा दिवस मुलाला फक्त तर्काशी झगडू द्या, स्पेलिंगशी नको.

मग असं पुस्तक विकायचं कसं? बंगळूरच्या स्वरूप सी. एच. यांचं ‘अ बाइट ऑफ पायथन’ आठवा. इंटरनेटवर मोफत, खुल्या परवान्याखाली. वाचकांनी चुका कळवल्या, स्वयंसेवकांनी अनेक भाषांत नेलं. २००८ च्या शेवटी पायथन ३ आलं तेव्हा पुस्तकही बदललं. ज्याला कागद हवा त्याने छापील प्रत विकत घेतली. टर्बो सीला जखडलेल्या पुस्तकाचं आयुष्य आणि हे आयुष्य शेजारी ठेवून बघा.

कुणीतरी मघाशी चिठ्ठी पाठवली आहे, की फुकट दिलं तर लेखकाने जगायचं कसं. प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर: मजकूर फुकट, वर्ग विकत. कानेटकरांचं घर तरी नुसत्या पुस्तकाच्या छापील किमतीवर उभं नव्हतं, शिकवणी होतीच. आणि छापण्याआधी एक काम करावं. कच्चा मसुदा दहावी झालेल्या, मराठी माध्यमातल्या पाच-दहा मुलांच्या हातात द्यावा, शेजारी कुणी समजावणारं बसवू नये, आणि ती कोणत्या पानावर थांबतात ते पेन्सिलीने लिहून ठेवावं. त्या पानापासून पुस्तक पुन्हा लिहायला घ्यावं. छापखान्याचा फोन नंतर.