छप्पर काढलेली गाडी आणि छप्पर नसलेली गाडी

नाशिकमध्ये उभं राहून एका फ्रेंच गाडीवर तासभर कशाला बोलायचं, असं पत्रिका बघून काहींना वाटलं असेल. प्यूजो ५०४ कॅब्रिओले, म्हणजे छप्पर मागे दुमडता येणारी ५०४, तुमच्यापैकी बहुतेकांनी फक्त फोटोतच पाहिली असणार. पण याच ५०४ च्या डिझेल मॉडेलमध्ये जे इंजिन बसायचं, त्याचं सख्खं भावंड आपल्या जिल्ह्यात, इगतपुरीला तयार व्हायचं आणि जीपमध्ये बसायचं. त्यामुळे आज दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करून बघायच्या आहेत.

आधी फ्रेंच गाडी. साधी चार दारांची ५०४ आली १९६८ मध्ये. पुढच्याच वर्षी, मार्च १९६९ मध्ये, जिनिव्हाच्या प्रदर्शनात तिची दोन दारांची भावंडं दिसली: एक कूपे आणि एक कॅब्रिओले. आरेखन इटलीतल्या पिनिनफारिनाचं. प्यूजो आणि पिनिनफारिना हे नातं १९५५ च्या ४०३ पासूनचं. बॉडी तुरीनला तयार व्हायची आणि इंजिन वगैरे बसवायला फ्रान्समध्ये सोशोला जायची. एवढा प्रवास करून येणारी गाडी स्वस्त कशी असेल? १९८३ पर्यंत ती बनली, आणि कॅब्रिओलेची एकूण संख्या आठ हजारांच्या आसपास राहिली. साध्या ५०४ लाखांनी खपत होत्या, आफ्रिकेत टॅक्सी म्हणून धावत होत्या, तेव्हाची ही गोष्ट.

आता पडद्यावरचा फोटो बघा. छप्पर खाली आहे. पण ते गेलं कुठे? दिसत नाही. मागच्या सीटच्या पाठीमागे पत्र्याचं एक झाकण आहे, कापड त्याच्या पोटात जातं आणि झाकण बंद झालं की वरची रेषा सलग होते. त्या काळातल्या पुष्कळ उघड्या गाड्यांत दुमडलेलं कापड मागे गाठोड्यासारखं बसायचं. इथे गाठोडं नाही. माझ्या मते या गाडीचं खरं कर्तृत्व हेच आहे. छप्पर उघडता येतं यात मोठं काही नाही. ते नसताना गाडी अपुरी वाटत नाही, हे अवघड काम आहे. दोन चाकांमधलं अंतर साध्या गाडीच्या २.७४ मीटरवरून २.५५ मीटरवर आणलंय, म्हणून ती आखूड आणि आटोपशीर दिसते. मागे प्रत्येक बाजूला तीन तिरक्या फटींसारखे दिवे. १९७४ मध्ये ते बदलले, आणि १९७९ नंतर प्लॅस्टिकचे जाड बंपर आले. पैठणीवर रेनकोट घातल्यासारखं दिसतं ते. (हशा) मला विचाराल तर पहिल्या पाच वर्षांतलीच गाडी बघण्यासारखी.

पण या सौंदर्याची किंमत कुठे मोजली जाते, ते बघू. बुटाचा खोका घ्या. झाकण असताना तो घट्ट असतो. झाकण काढून दोन टोकांना पिळा, लगेच वळतो. ५०४ सारख्या गाडीला वेगळी चासी नसते, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घेतो आणि छप्पर हा त्या सांगाड्याचा भाग असतो. ते काढलं की खालून जास्तीचं पोलाद घालून मजबुती परत आणावी लागते. म्हणजे छप्पर कमी झालं की वजन आणि खर्च वाढतो.

जीपचं गणित उलटं. खाली शिडीसारखी चासी, पाट्यांवर उभी. सगळा भार तिचा. वर पत्र्याचा टब, पुढे दुमडणारी काच आणि सांगाड्यावर ताणलेलं कापडी हूड. इथे छप्पर काढावं लागतच नाही, कारण ते मुळात कधी दिलेलंच नव्हतं. युद्धासाठी घाईने काढलेल्या गाडीचा हा वारसा. युरोपात उघडी गाडी त्या कुटुंबातली महागडी गाडी असायची. आपल्याकडे उघडी गाडी म्हणजे कामाची गाडी.

आता इंजिन. १९७९ मध्ये महिंद्रानं प्यूजोकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. नावातच माहिती आहे: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. पिस्टनची धाव ८३ मिलिमीटर. गुणाकार केलात तर २११२ सीसी येतात. थंडीत सकाळी चावी फिरवायची, ग्लो प्लग तापेपर्यंत थांबायचं, मग स्टार्टर. ओझर-पिंपळगावकडच्या द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको. पेट्रोल पिणारी जीप शेतकऱ्याला आणि वाहतूकदाराला परवडेल अशी झाली, त्यात या इंजिनाचा वाटा मोठा आहे. गॅरेजवाले अजूनही ‘प्यूजो’ आणि ‘डीआय’ अशा दोन जाती सांगतात.

गंमत बघा. याच रेल्वेमार्गावर फ्रेंच कंपन्यांनी पुढे पूर्ण गाड्याही आणून पाहिल्या. कल्याणला प्रीमियरबरोबर प्यूजो ३०९ आली, नव्वदीच्या दशकातच तिचा खेळ आटोपला. २००७ मध्ये आपल्या नाशिकमध्ये रेनोची लोगान आली. तीन वर्षांत रेनो भागीदारीतून बाहेर पडली आणि गाडी व्हेरिटो झाली. इंजिन मात्र टिकलं. कारण इंजिन बॉनेटखाली बसतं, ते कुठल्या आरेखनातून आलं हे कुणी विचारत नाही. गाडीचा चेहरा परका वाटू शकतो, इंजिनाला चेहरा नसतो.

इथे मला एक कडू गोष्ट बोलायची आहे. उघड्या जीपबद्दल हल्ली फार हळवं लिहिलं जातं. वारा, घाट, स्वातंत्र्य वगैरे. ५०४ कॅब्रिओलेत चार माणसं बसतात. आपल्या काळी-पिवळीत मागे समोरासमोर दोन बाकं, त्यावर माणसं, दोघं-तिघं मागच्या पायरीवर लटकलेले, आणि वर ते कापड. गाडी कलंडली तर ते कापड कुणाला वाचवणार? पिनिनफारिनानं काढलेल्या छपराची भरपाई खालून केली. आपल्याकडे नसलेल्या छपराची भरपाई कुणी केली नाही, कारण आत बसणाऱ्याकडे दुसरी गाडी निवडण्याची सोयच नव्हती. वणीच्या घाटातून उघड्या गाडीत जाणारी बाई वाऱ्यासाठी जात नव्हती, एसटी चुकली म्हणून जात होती. जीपच्या रूपाची तारीफ करताना समीक्षकानं हा हिशोब वगळला, तर ती समीक्षा राहत नाही, जाहिरात होते.

तरीही जीप मला चांगलं आरेखन वाटते, वेगळ्या कारणासाठी. तिच्यात काही लपवलेलं नाही. बोल्ट दिसतो, बिजागरी दिसते, काय मोडलं ते दिसतं, आणि सटाण्याचा वेल्डर ते दुरुस्त करू शकतो. ५०४ चं ते सुंदर झाकण वाकलं, तर सटाण्यात काय करणार?

आता या जुन्या एमएच १५ जीपांचं काय होतंय? एक तर त्या भंगारात जातात, नाही तर हौशी लोक घेतात, मोठी चाकं लावतात, जुनं इंजिन काढून दुसरं बसवतात. हौशीला माझी हरकत नाही. पण फ्रान्समध्ये ५०४ कॅब्रिओलेच्या मूळ दिव्यांसाठी आणि मूळ कापडासाठी माणसं जीव टाकतात. आपल्या गावात बनलेल्या, गावात राबलेल्या गाडीचं एकही मूळ हूड मोजून, कागदावर उतरवून आपण ठेवलेलं नसेल, तर पुढच्या व्याख्यात्यानं कशावर बोलायचं? इथे इंजिनिअरिंगची मुलं बसली आहेत. टेप आणि वही घेऊन एक रविवार एका जीपपाशी घालवा. चासीची लांबी, पाट्यांची पानं, हुडाच्या सांगाड्याचे कोन, सगळं लिहा. आणि बॉनेट उघडल्यावर ४.९० ची पाटी सापडली, तर आधी तिचा फोटो काढा, मग गाडीमालकाशी बोलायला बसा. ती गाडी कुठे कुठे गेली, हे त्यालाच माहीत असतं.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.