जमेला न धरलेले मरण

वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात देवाकडे मागणे असते ते बहुतेक आभाळाचेच. मृग कोरडा गेला की धोंडी निघते, दुबार पेरणीची वेळ आली की नवस बोलले जातात. पाऊस पावला तरी 2017 सारखी गुलाबी बोंडअळी कपाशीत शिरते ती शिरतेच. केजाजी महाराजांचे घोराड इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे वारकरी भजन या मुलखाला नवे नाही. तरीही तुकोबांचा तो दिवाळे निघाल्याचा अभंग इथे ऐकताना अवघडायला होते. दिवाळे, दुष्काळ, अपमान, गेलेली गुरेढोरे, एकेकाचे नाव घेऊन हा माणूस ‘बरे झाले’ म्हणत जातो, आणि तेही देवाला हाक मारून. ही प्रार्थना म्हणावी की उपरोध?

रचना पाहिली तर ती वाण्याच्या खतावणीची आहे. देहूची महाजनकी घरात, त्यामुळे हिशेब हाडीमांसी. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात व्यापार बुडाला तेव्हा तुकोबा ऐन विशीत होते. अभंगातल्या नोंदी तशाच तुटक: बाजारातली एक, घरातली एक, मग चारचौघांतली. विशेषण जवळपास नाही, उसासा नाही. नावे पडायच्या रकमा सरळ जमेला मांडल्या आहेत. पण मिळाले काय? पश्चात्तापाने देवाचे चिंतन टिकले, एवढेच. गेलेले धन परत येईल असे कुठे सूचितही नाही.

खरी मेख क्रियापदांत आहे. दिवाळे आपोआप निघते, पीडा दुष्काळ करतो, धन जाते, अपमान कवीच्या वाट्याला येतो. यातले काहीही देवाने केलेले नाही. देव अभंगभर फक्त ऐकणारा आहे. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा, असे गांधीजी म्हणाले आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला. पुढे सेवाग्रामला येऊन राहिलेल्या त्या महात्म्यापेक्षा या जागी तुकोबा मला अधिक सावध वाटतात. संकट कुणी धाडले, हा प्रश्न ते उघडतच नाहीत.

शिवाय सगळा अभंग प्रथमपुरुषी आहे. ज्याचे बुडाले तोच बोलतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे जुलै 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्या सहांत वर्धाही होता. ज्या घरातला कर्ता कर्जापायी गेला, त्या घरी जाऊन कुणी हा अभंग उपदेश म्हणून सांगितला, तर शब्द तेच राहतील आणि अर्थ क्रूर होईल.

एक गोष्ट मात्र मला तुकोबांचीही पोटात घालता येत नाही. कजाग बायको हीसुद्धा त्यांनी जमेत धरली आहे. तिने चूल कशी पेटती ठेवली, हे ती कधी लिहिणार होती? एवढे खरे, की बायकामुलांकडे आपण पाठ फिरवली हेही ते त्याच यादीत कबूल करतात.

आणि यादीत जे नाही, ते सर्वांत बोलके आहे. त्याच दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली. आपली हकीकत सांगणाऱ्या दुसऱ्या एका अभंगात हे त्यांनी स्वतः, एकही शब्द न सजवता सांगितले आहे. इथे मात्र पैसा आहे, ढोरे आहेत, अब्रू आहे, दुसरी बायको आहे; ते मरण नाही. दुष्काळाच्या पीडेत तेही आलेच, असे कुणी म्हणेल. म्हणावे. पण ढोरांची वेगळी नोंद करणारा हिशेबनीस हे विसरेल, हे मला पटत नाही. त्या मरणाला ‘बरे’ म्हणायला त्यांची जीभ वळली नसावी. देवाशी भांडताना तो आपल्यापुरता मेला, असे म्हणण्यापर्यंत जाणारा हा कवी. त्याच्या गप्प राहण्यालाही वजन आहे.

मग शेवटचे कडवे वेगळेच उजळते. अभंग सुरू होतो दुष्काळाने आणि संपतो एकादशीच्या उपवासाने, जागरणाने. दोन्हीकडे पोट रिकामेच. पहिली उपासमार लादलेली, दुसरी आपण होऊन पत्करलेली. मधल्या कडव्यांत भूक तीच राहून तिचा धनी बदलला आहे. देवाने यात काय दिले, हे अभंग सांगत नाही. देवाचा एकही शब्द इथे उमटत नाही. एकादशी धरणाऱ्या घोराड-सेलूच्या कुणालाही आणखी एक गोष्ट लगेच कळेल: तुकोबा जागरणापाशीच थांबले आहेत, द्वादशीचे पारणे त्यांनी लिहिलेले नाही.