द्वयाधिकारातील अदृश्य किंमत : डेस्कटॉप प्रोसेसरची स्पर्धा आणि पेण-रोह्याचा ग्राहक

वाणिज्य व अर्थशास्त्राच्या पदवी वर्गांत द्वयाधिकाराचे प्रकरण शिकविताना दोन फ्रेंच अभ्यासकांची प्रतिमाने मांडली जातात. १८३८ मध्ये कूर्नो याने दोन विक्रेते आपापले उत्पादन किती ठेवावयाचे हे ठरवितात असे मानले. १८८३ मध्ये बर्ट्रांड याने त्यावर टीका करताना विक्रेते उत्पादन नव्हे तर किंमत ठरवितात असे धरले आणि त्या गृहीतकावर किंमत थेट उत्पादनखर्चापर्यंत उतरते, असा निष्कर्ष निघाला. दोघांच्या निष्कर्षांत मोठे अंतर असले तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. वस्तूला एक किंमत असते आणि ती ग्राहकाला दिसते. डेस्कटॉप संगणकाच्या प्रोसेसरचा बाजार या प्रकरणाचे सहज सुचणारे उदाहरण होय. १९६८ मध्ये स्थापन झालेली इंटेल आणि १९६९ मध्ये स्थापन झालेली एएमडी या दोनच कंपन्यांनी एक्स८६ पद्धतीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचा जवळजवळ सर्व बाजार व्यापला आहे. परंतु नेमके हेच उदाहरण वरील गृहीतकाला छेद देते. प्रस्तुत लेखात त्या विसंगतीची चिकित्सा केली असून पेण व रोहा या तालुक्यांच्या ठिकाणचा ग्राहक हा तिचा संदर्भबिंदू मानला आहे.

पेणच्या बाजारपेठेतील संगणक-विक्रेता, रोह्यातील एमएस-सीआयटी केंद्राचा चालक, धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्याचे कार्यालय किंवा एखादे अनुदानित महाविद्यालय हे या बाजारातील शेवटच्या टोकाचे ग्राहक आहेत. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली व एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला. त्यानंतर तालुक्याच्या गावी एकाच वेळी दहा-वीस डेस्कटॉप घेणारा एक नवा ग्राहकवर्ग तयार झाला. हा ग्राहक एकतर नामांकित कंपनीचा तयार संगणक घेतो, नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून दुकानदाराकडून तो जुळवून घेतो. दोन्ही प्रकारांत त्याच्यासमोर येते ते दरपत्रक. माहिती तंत्रज्ञान करारानुसार प्रोसेसरवरील आयात शुल्क भारताने २००५ पर्यंत शून्यावर आणले. त्यामुळे येथील दर मुख्यतः डॉलरमधील मूळ किंमत, रुपयाचा विनिमय दर, अप्रत्यक्ष कर आणि मधल्या साखळीचा नफा यांवर ठरतो. यांतील मूळ किंमत कोठे व कशी ठरते, हे मात्र दरपत्रकात लिहिलेले नसते.

या दोन कंपन्यांतील स्पर्धेचा उगमही बाजाराच्या स्वाभाविक ओघात झालेला नाही. १९८१ च्या वैयक्तिक संगणकासाठी इंटेलचा ८०८८ प्रोसेसर निवडताना आयबीएमने पुरवठ्याचा दुसरा स्रोत असावा असा आग्रह धरला आणि १९८२ मध्ये इंटेल व एएमडी यांच्यात तंत्रज्ञान-विनिमयाचा करार झाला. म्हणजे स्पर्धक उभा राहिला तो मोठ्या ग्राहकाने घातलेल्या एका अटीमुळे. पुढे ३८६ या प्रोसेसरचे तंत्रज्ञान देण्यास इंटेलने नकार दिला, लवाद व न्यायालये झाली आणि १९९१ मध्ये एएमडीने स्वतःचा ३८६ बाजारात आणला. त्याच वर्षी इंटेलने ‘इंटेल इनसाइड’ ही मोहीम सुरू करून संगणक-उत्पादकांच्या जाहिरातखर्चाचा काही भाग स्वतः उचलण्यास प्रारंभ केला. किंमत-स्पर्धेच्या दृष्टीने ही घटना दुर्लक्षित राहते. पण छापील किमतीत बदल न करता ग्राहक-उत्पादकाला प्रत्यक्षात कमी दर देण्याची ही रीत होती.

या रीतीचे टोक युरोपीय आयोगाच्या १३ मे २००९ च्या निर्णयात दिसते. एसर, डेल, एचपी, लेनोवो व एनईसी या उत्पादकांना इंटेलने निष्ठेच्या अटीवर सूट दिली, असा आयोगाचा निष्कर्ष होता. एचपीच्या बाबतीत व्यावसायिक डेस्कटॉपसाठी लागणाऱ्या प्रोसेसरपैकी किमान ९५ टक्के इंटेलकडून घेण्याची अट होती. आयोगाने १०६ कोटी युरोंचा दंड ठोठावला. त्या वेळी आयोगाने दिलेला एक दाखला कोणत्याही पाठ्यपुस्तकातील आकृतीपेक्षा बोलका आहे. एएमडीने एका संगणक-उत्पादकाला दहा लाख प्रोसेसर विनामूल्य देऊ केले. ते सर्व स्वीकारले असते तर त्या उत्पादकाची उरलेल्या कित्येक दशलक्ष प्रोसेसरवरील इंटेलची सूट गेली असती आणि एकंदरीत तोटाच झाला असता. त्याने अखेर फक्त एक लाख साठ हजार प्रोसेसर घेतले. बर्ट्रांडच्या प्रतिमानात किंमत उत्पादनखर्चाखाली जात नाही. येथे ती शून्यावर आली आणि तरीही माल खपला नाही.

सूट देणे हा मुळात व्यापारातील गैरप्रकार नव्हे, असा आक्षेप यावर घेता येईल. त्याचा विचार पेणच्याच संदर्भात करणे उपयुक्त ठरते. पेण, हमरापूर, जोहे या परिसरातील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत घाऊक व्यापाऱ्याला किरकोळ ग्राहकापेक्षा कमी दर मिळतो आणि आगाऊ मागणी नोंदविणाऱ्याला प्राधान्य मिळते. त्यात कोणाला अन्याय दिसत नाही. कारण एका कारखानदाराची अट पटली नाही तर व्यापारी शेजारच्या गल्लीत जातो. कारखाने शेकड्यांनी आहेत, साचे व माती कोणा एकाच्या ताब्यात नाहीत आणि व्यापाऱ्याची संपूर्ण गरज एकाच कारखानदारावर अवलंबून नाही. प्रोसेसरच्या बाजारात स्थिती उलट आहे. एएमडीची उत्पादनक्षमता पाहता कोणताही मोठा उत्पादक आपली सर्व गरज तिच्याकडून भागवू शकत नव्हता. इंटेलकडे जाणे त्याला टाळता येत नव्हतेच. अशा टाळता न येणाऱ्या मागणीवरील सूट उरलेल्या मागणीसाठी अट म्हणून वापरली की सूट आणि दंड यांतील फरक पुसट होतो. तेव्हा सुटीचे स्वरूप नव्हे तर बाजाराची रचना तिचे मूल्य ठरवते.

न्यायालयांना मात्र हा युक्तिवाद या रूपात मान्य झाला नाही. २०१४ मध्ये युरोपीय सामान्य न्यायालयाने दंड कायम केला. २०१७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने प्रकरण फेरविचारासाठी परत पाठविले. २०२२ मध्ये दंड रद्द झाला आणि २४ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यावरील आयोगाचे अपीलही फेटाळले गेले. प्रतिस्पर्ध्याचे उत्पादन असलेले संगणक बाजारात आणणे लांबविण्यासाठी वा थांबविण्यासाठी दिलेल्या रकमांपुरता दंड आयोगाने २०२३ मध्ये नव्याने, ३७.६ कोटी युरोंचा आकारला. तितकाच कार्यक्षम प्रतिस्पर्धी या सुटीशी बरोबरी करू शकला असता काय, या कसोटीचा आयोगाने केलेला हिशेब न्यायालयाला सदोष वाटला. कसोटी तर्कशुद्ध आहे. तथापि निकालाला पंधरा वर्षे लागली. दरम्यान, २००५ मध्ये एएमडीने अमेरिकेत दाखल केलेला दावा नोव्हेंबर २००९ मध्ये १२५ कोटी डॉलर स्वीकारून मिटविला. या सर्व काळात ज्याने संगणक खरेदी केला, त्याच्या देयकात यातील काहीच उतरले नाही.

भारतातील प्रकरणे याहून लहान, पण तालुक्याच्या ग्राहकाला अधिक जवळची आहेत. ईसिस या वितरक कंपनीच्या तक्रारीवर जानेवारी २०१४ मध्ये निर्णय देताना भारतीय स्पर्धा आयोगाने इंटेलचे वर्चस्व मान्य केले. त्याचा गैरवापर झाल्याचे मात्र मान्य केले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये मॅट्रिक्स इन्फो सिस्टिम्स या व्यापारी कंपनीच्या तक्रारीवरून आयोगाने चौकशीचा आदेश दिला. भारतातील अधिकृत वितरकाकडून घेतलेल्या पेटीबंद प्रोसेसरलाच भारतात हमीसेवा देण्याचे इंटेलचे २०१६ चे धोरण हा तिचा विषय होता. परदेशातील अधिकृत वितरकाकडून रीतसर आयात केलेला तोच प्रोसेसर त्या धोरणाखाली येथे हमीविना राहत असे, असा त्याचा अर्थ. पेण वा रोह्याच्या दुकानदाराला मुंबईत समांतर आयातीचा माल काहीशा स्वस्त दरात मिळाला, तरी तो ग्राहकाला देताना हमीची जबाबदारी त्याने स्वतः घ्यायची की महाग माल घ्यायचा, एवढाच पर्याय उरत असे. किमतीला हात न लावता किंमत टिकविण्याचा हा दुसरा मार्ग होता.

स्पर्धेने ग्राहकाला काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००७ पासून सुमारे दहा वर्षे सामान्य डेस्कटॉपसाठीचे इंटेलचे प्रोसेसर चार गाभ्यांवर अडलेले होते. मार्च २०१७ मध्ये एएमडीने आठ गाभ्यांचा रायझन ७ १८००एक्स ४९९ डॉलरला आणला. तितक्याच गाभ्यांच्या इंटेलच्या प्रोसेसरची किंमत तेव्हा हजार डॉलरहून अधिक होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलने आपल्या मुख्य श्रेणीत सहा गाभे दिले आणि कोअर आय३ मध्ये चार. छापील किमती फारशा उतरल्या नाहीत. त्याच किमतीत मिळणारी वस्तू बदलली. एएमडीला केवळ बिचारा प्रतिस्पर्धी समजण्याचेही कारण नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये कामगिरीत आघाडी मिळताच तिने रायझन ५ ५६००एक्सची किंमत २९९ डॉलर ठेवली. आधीच्या पिढीतील ३६००एक्सची किंमत २४९ डॉलर होती. द्वयाधिकारात सौजन्य पिछाडीवर असणाऱ्याकडे असते.

हा लाभ महाविद्यालयाच्या संगणक-प्रयोगशाळेपर्यंत पोहोचतो की नाही, हे खरेदी समितीच्या कागदावर ठरते. दरपत्रके मागविताना तपशिलात ‘इंटेल कोअर आय३ किंवा त्यावरील’ असे शब्द आले की तुलनात्मक तक्त्यात तीन पुरवठादार दिसतात, पण प्रोसेसरचा उत्पादक एकच असतो. न्यूनतम दर निवडला जातो, लेखापरीक्षणात आक्षेप निघत नाही, जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद होते. स्पर्धा झाली ती फक्त दुकानदारांच्या नफ्यात. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार मागणीचे वर्णन वस्तुनिष्ठ व कार्याधारित असावे आणि त्यात विशिष्ट व्यापारी नावाचा आग्रह नसावा, अशी अपेक्षा आहे. २००४ मध्ये युरोपीय आयोगाने जर्मनी, इटली, फ्रान्स आदी सदस्य-राष्ट्रांकडे नेमक्या अशाच निविदांबद्दल विचारणा केली होती. नावाऐवजी कामगिरी-चाचणीतील गुण लिहावेत, असा तेथील उपाय. तोही निर्दोष नाही. एका प्रचलित चाचणीची रचना पक्षपाती असल्याच्या कारणावरून ती तयार करणाऱ्या संघटनेतून एएमडी २०११ मध्ये बाहेर पडली. त्यामुळे दोन स्वतंत्र चाचण्यांतील किमान गुण, स्मृतीची क्षमता, विजेचा वापर आणि हमीसेवा देणाऱ्याचे नाव व ठिकाण एवढे तपशिलात लिहिले, तर उत्पादकाचे नाव लिहिण्याची गरज उरत नाही. हमीसेवेचे ठिकाण मुंबई आहे की पेण, हा प्रश्नही मग दरपत्रक उघडण्यापूर्वीच विचारला जातो.