अफगाण चर्च : वास्तुशैली आणि स्मृतीची श्रेणी

मुंबईतील कुलाब्याचे सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट चर्च ‘अफगाण चर्च’ या नावाने परिचित आहे. सिंध व अफगाणिस्तानातील मोहिमांमध्ये मृत्युमुखी पडलेल्या सैनिकांचे स्मारक म्हणून १८४७ मध्ये त्याची पायाभरणी झाली. १८५८ मध्ये अभिषेक झाला, तर १९८ फूट उंचीचा मनोरा १८६५ मध्ये पूर्ण झाला. या वास्तूची चर्चा बहुधा गॉथिक शैलीचा उत्कृष्ट नमुना एवढ्यापुरतीच मर्यादित राहते. ती स्मारक म्हणून कोणाची स्मृती जपते, हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो.

मध्ययुगीन इंग्लंडमधील पॅरिश चर्च हाच खरा आदर्श, असा आग्रह व्हिक्टोरियन काळातील एक्लिझिऑलॉजिकल सोसायटीने धरला होता. नगर अभियंता हेन्री कॉनिबेअर यांनी केलेला आराखडा याच विचाराशी सुसंगत आहे. टोकदार कमानी, उंच निमुळता मनोरा आणि वेदीकडील भागाला दिलेले प्राधान्य ही त्याची लक्षणे होत. वेदीमागील पडदी, फरशा व बाके यांचे आरेखन विल्यम बटरफिल्ड यांचे, तर रंगीत काचा विल्यम वेल्स यांच्या आहेत. दगड मात्र कुर्ला व पोरबंदर येथील आहे. रूप इंग्लंडचे आणि देह येथला, असे या वास्तूचे स्वरूप आहे.

स्मारकाचा आशयही याच विषमतेने घडलेला दिसतो. अधिकाऱ्यांची नावे वेदीकडील भिंतींवर, म्हणजे सर्वांत पवित्र जागी कोरलेली आहेत. सामान्य सैनिकांची संख्या मोठी असल्याने त्यांची नावे नोंदवता आली नाहीत, असे स्मृतिलेख सांगतो. ज्यांचे मरण अधिक, त्यांचीच नोंद नाही, असा हा विरोधाभास आहे. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून निघालेल्या सुमारे १६,००० जणांपैकी सुमारे १२,००० बाजारबुणगे होते. त्यांचा तर या लेखात उल्लेखही नाही. एतद्देशीय पलटणींतील शिपायांसाठी हे प्रार्थनास्थळ बहुतांशी परधर्माचेच होते.

पॅरिश चर्चच्या मूळ कल्पनेत गावातील सर्व थरांचा समुदाय एका छताखाली येणे अभिप्रेत आहे. कुलाब्यात त्या कल्पनेचे रूप आले, समुदाय आला नाही. अफगाण चर्चचे सौंदर्य निर्विवाद आहे. तथापि, त्याच्या भिंतींवरील नावांइतकेच तेथे नसलेल्या नावांचेही वाचन केल्याखेरीज या वास्तूचे मूल्यमापन पूर्ण होणार नाही.