जेरोनिमोचे आत्मचरित्र : एका बंदिवानाचा अर्ज

अपाची योद्धा जेरोनिमो याचे १९०६ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र शूरकथा म्हणून वाचण्याची प्रथा पडली आहे. आमच्या मते तो एका बंदिवानाने राष्ट्राध्यक्षांकडे केलेला अर्ज आहे आणि त्याच दृष्टीने तो वाचावयास हवा.

ग्रंथाची जन्मकथाच पाहावी. जेरोनिमो ओक्लाहोमातील फोर्ट सिल येथे युद्धकैदी होता. जवळच्या लॉटन गावचे शिक्षणाधिकारी एस. एम. बॅरेट यांनी त्याची कहाणी लिहून घेण्याचे ठरविले, तेव्हा तेथील लष्करी अधिकाऱ्याने नकार दिला. परवानगी अखेर थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडून आली. जेरोनिमो आपल्या भाषेत सांगे, आसा डाक्लुगी दुभाष्याचे काम करी आणि बॅरेट इंग्रजीत उतरवून घेत. हस्तलिखित युद्धखात्याच्या नजरेखालून गेले. खात्याने आक्षेप घेतले तेथे, हे मत जेरोनिमोचे आहे, अशा तळटीपा बॅरेट यांनी घातल्या. बॅरेट हेर तर नसतील ना, अशी शंका आपणां दोघांनाही होती, असे डाक्लुगीने उतारवयात ईव्ह बॉल यांना सांगितले. ज्या शब्दावर इतक्यांचे पहारे आहेत, त्याच्या मौनाकडेही समीक्षकाने लक्ष द्यावयास नको काय?

मधली लढायांची प्रकरणे एकसुरी आहेत. मेक्सिकोवर स्वारी, लूट, पाठलाग, पुन्हा स्वारी. मात्र या सूडाचे मूळ ज्या पानांत आहे, ती पाने विसरता येत नाहीत. आई, पत्नी आलोपे आणि तिन्ही मुले मेक्सिकन सैनिकांनी कापून काढल्यावर त्या रात्री नदीकाठी आपण प्रार्थनादेखील केली नाही, असे तो सांगतो. आक्रोश नाही, विशेषणे नाहीत. पुढे किती मेक्सिकन मारले याची मोजदाद नाही आणि त्यांतले काही मोजण्याच्या लायकीचेही नव्हते, हेही तो तितक्याच थंडपणे सांगून जातो. हे आम्हांस बोचते. परंतु अर्ज करणारा माणूस असे बोलून स्वतःचेच नुकसान करून घेतो, म्हणून ते खरे वाटते.

याउलट, १९०३ साली डच रिफॉर्म्ड ख्रिस्तसभेत गेलेला जेरोनिमो राष्ट्राध्यक्ष ख्रिस्ती असल्याबद्दल आनंद व्यक्त करतो, तेथे आम्ही थबकतो. ही श्रद्धा की विनवणी? कदाचित दोन्ही. (जुगारापायी त्याला पुढे सभेतून काढले, हे येथे नमूद करावे.)

४ सप्टेंबर १८८६ रोजी स्केलेटन कॅन्यन येथे त्याने जनरल नेल्सन माइल्स यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. बायकामुले धरून चाळीसही नसलेल्या टोळीमागे सुमारे ५,००० सैनिक होते. जेरोनिमो सांगतो, दोघांनी घोंगडीवर एक मोठा दगड ठेवला. त्या दगडाचा भुगा होईपर्यंत करार टिकावयाचा होता. कुटुंबाची पाच दिवसांत भेट होईल, असे वचन त्याला मिळाले होते. प्रत्यक्षात पुरुष फ्लोरिडातील फोर्ट पिकेन्सला आणि बायकामुले दूर फोर्ट मॅरियनला गेली. एवढेच नव्हे, तर डोंगर चढून त्याची समजूत घालणारे कायिता आणि मार्टिन हे लष्कराचे अपाची वाटाडेही कैदी झाले. चिरिकावा अपाचींची ही कैद १९१३ पर्यंत, म्हणजे २७ वर्षे टिकली. दगडाचा हा प्रसंग ग्रंथाचे मर्म आहे. आपण हा करार मोडला नाही, माइल्स यांनी मात्र आपली वचने पाळली नाहीत, एवढेच भाष्य तो करतो.

१९०४ च्या सेंट लुई प्रदर्शनातील प्रकरण हलकेफुलके वाटेल; परंतु आपले छायाचित्र २५ सेंटला विकून त्यांतले १० सेंट स्वतःकडे ठेवण्याची परवानगी होती, हे तो नोंदवितो, तेव्हा हसू मावळते.

शेवटच्या प्रकरणात ॲरिझोनात परत जाऊ देण्याची याचना आहे. मार्च १९०५ मध्ये त्याने हीच विनंती समक्ष केली होती व रूझवेल्ट यांनी ती नाकारली होती. ग्रंथ अर्पण केला आहे तो त्यांनाच. १७ फेब्रुवारी १९०९ रोजी जेरोनिमो फोर्ट सिल येथेच मरण पावला आणि तेथील अपाची युद्धकैद्यांच्या दफनभूमीत त्याला पुरण्यात आले.